व्हाळात (ओढ्यात) जिप्सी रुतली, काढायला गेलेली जोंगाही (जुनी लष्करी जीप) रुतली. जेसीबी बोलवू का?

केरीकर:
मंडळी, घाईत लिहितोय. काल संध्याकाळी गोव्यात सत्तरीत आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वाटेवर मित्राची लष्करी डिस्पोजलची जिप्सी व्हाळात अडकली. मी बाबांची जोंगा घेऊन गेलो. काठावरून वायर रोप लावून झटका दिला, तर रोप तुटली आणि उलटून जिप्सीच्या काचेची चौकट वाकली. अर्ध्या मिनिटापूर्वी तिथे माझा भाचा उभा होता, अजून अंगावर काटा येतोय. मग बाजूने पात्रात उतरलो आणि तेवढ्यात चोर्ला घाटाच्या बाजूने पुराचं लाल पाणी आलं. इंजिन पाण्यातच बंद पडलं. आज पाणी ओसरलंय. जिप्सी अलीकडच्या काठाशी, अर्धी चाकं चिखलात. जोंगा पात्रात, फेंडरपर्यंत (चाकांवरच्या पत्र्यापर्यंत) गाळात. सगळे जेसीबी बोलव म्हणतात, मला चासी वाकायची भीती वाटते. जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात जोंगा बनणं १९९९ मध्येच बंद झालं, अशी दुसरी कुठून आणू? शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आहे.

माजी_ईएमई:
बाळ, पहिलं म्हणजे स्टार्टरला हात लावू नको. ३९५६ सीसीच्या त्या इंजिनात पाणी गेलं असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकेल. सहाही प्लग काढ आणि क्रँक हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ दे.
मी लष्कराच्या ईएमई कोरमध्ये रिकव्हरीत, म्हणजे अडकलेल्या गाड्या काढण्याच्या कामात, नोकरी काढली. आमचा हिशेब असा होता: गाडी चाकांपर्यंत रुतली तर ओढ तिच्या वजनाएवढी, फेंडरपर्यंत असेल तर दुप्पट. जोंगा दीड टनाच्या वर, म्हणजे तीन टन धर. ट्रॅक्टरने सरळ ओढलीस तर ओल्या काठावर त्याचीच चाकं फिरतील. रोपचं एक टोक झाडाला बांध, रोप जोंगाच्या मागच्या हुकाला लावलेल्या कप्पीतून परत आणून ट्रॅक्टरला जोड. ओढ दुप्पट मिळते, फक्त ट्रॅक्टरला दुप्पट अंतर चालावं लागतं. झाड म्हणजे पोफळ नको, मुळासकट येईल. आंब्याचा बुंधा, जमिनीलगत, रुंद पट्ट्याने.
जिप्सी आधी काढ, ती हलकी आहे. जोंगा ज्या चाकोरीतून आत गेली त्याच चाकोरीतून मागे ओढ. त्याआधी फावड्याने चाकांमागचा आणि पोटाखालचा गाळ काढ, तो गाडीला चिकटून धरून ठेवतो. झटका अजिबात नको. रोपवर ओली गोणपाटं टाक आणि पोरांना रोपच्या लांबीहून लांब उभं कर.

वाळपईचा_मेकॅनिक:
काकांचं बरोबर. जेसीबीने साखळी लावून ओढलेली एक जीप माझ्याकडे आली होती, मागचा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा) फाटलेला. गाडी बाहेर आली की ब्रेक ड्रम चारही उघड, वाळू निघेल. गरम डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधलं गिअरचं घर) थंड पाण्यात बुडलं की आत हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून), सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल बघ.

केरीकर:
काका, निघाली! गाळ काढायलाच दोन तास गेले, ओढायला वीस मिनिटं. कप्पीवर जोंगा एकेक वीत सरकताना बाबा काठावर काही न बोलता उभे होते. दोन प्लगच्या भोकांतून पाणी उडालं, पण क्रँक मोकळा फिरतो. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल मात्र दुधाच्या चहासारखं झालंय. डिझेलने धुऊ का?

माजी_ईएमई:
डिझेल आत राहिलं तर नवं ऑइल पातळ होईल. सगळं सोडून दे, साधं गिअर ऑइल भर, गाडी जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरव, परत सोड. रंग स्वच्छ येईपर्यंत. बाबांना नमस्कार सांग.