गाडी खाली घ्यायची आहे, पैसे बेताचे: स्प्रिंगा की कॉइलओव्हर?

प्रश्न

नमस्कार मंडळी. हॅचबॅक आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळ घेणारा अॅक्सल). लाखभर किलोमीटर झालेत आणि शॉकअप अजून कंपनीचेच आहेत. चाक आणि मडगार्डमधली पोकळी डोळ्यांत खुपते, म्हणून 40 मिमी तरी खाली घ्यायची आहे. वळणावर झुकणंही कमी व्हायला हवं. तीन पर्याय दिसतात: आखूड स्प्रिंगा, स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोडसंच), नाहीतर आहेत त्याच स्प्रिंगांचा एकेक वेढा कापणं. गाडी रोजची आहे, मागे आईवडील बसतात. काय करू?

जॅकस्टँड

वेढा कापू नका. सहा कामाचे वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला तर ती साधारण 20 टक्के कडक होते, म्हणून काम फुकटात झालं असं वाटतं. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लटकलं की स्प्रिंग सैल पडून जागची सरकते. काही जण ती तापवून खाली बसवतात, ते तर त्याहून वाईट. पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं.

तुमचा पहिला पैसा शॉकअपवर जायला हवा. स्प्रिंग 30 टक्के कडक केली की तिला आवरायला शॉकअपचा जोर साधारण 14 टक्के जास्त लागतो. धडधाकट शॉकअप तेवढं निभावून नेतो. लाख किलोमीटर खाल्लेला नाही नेत, खड्डा गेल्यावरही गाडी हेलकावत राहते. शिवाय गाडी खाली आली की शॉकअपचा दांडा आधीच आत गेलेला असतो आणि बंप स्टॉप (दांड्याची चाल संपते तिथला, आदळणं झेलणारा ठोकळा) जवळ येतो. लोक ज्याला 'स्प्रिंगा कडक आहेत' म्हणतात, ते बहुतेक वेळा बंप स्टॉपवर आदळणं असतं. मागे बसलेल्यांच्या पाठीला ते सगळ्यात आधी कळतं.

आता 40 मिमीचं. गाडीखाली वाकून पुढचा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) पाहा. बहुतेक गाड्यांत त्याचं चाकाकडचं टोक थोडं खाली असतं. फार खाली घेतलं की ते टोक वर जातं, आणि स्ट्रटच्या गाडीत रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीचा झुकण्याचा कल उलट वाढतो. मग कडक स्प्रिंगचा जोर तो कल रोखण्यातच खर्ची पडतो. मी 25 ते 30 मिमीवर थांबेन: त्याच उताराच्या तयार स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवे बंप स्टॉप, आणि वरचे माउंट-बेअरिंगही. स्ट्रट उघडलाच आहे तर त्याची मजुरी दुसऱ्यांदा कशाला द्यायची?

निळी सेडान

कॉइलओव्हर सरसकट बाद करू नका. माझ्याकडे आहेत आणि मी खूश आहे. घेताना एकच बघा: खालचा भाग वेगळा फिरतो की नुसती स्प्रिंगची बैठक वरखाली होते? नुसती बैठक असेल तर उंची कमी केली की शॉकअपची चालही कमी होते. वेगळा भाग असलेले चांगले सेट स्वस्त मिळत नाहीत, हेही खरं.

प्रश्नकर्ता

ठीक, 30 मिमी. मग झुकण्याचं काय? मागे जाड अँटीरोल बार (डावी-उजवी बाजू जोडून झुकणं रोखणारी दांडी) टाकू?

जॅकस्टँड

आधी स्प्रिंगा आणि शॉकअप लावून चालवून बघा. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, 20 चा भरीव बार 22 मिमीचा केला तर जवळजवळ दीडपट. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत मागे एवढी वाढ कोरड्या वळणावर छान वाटते. ओल्या रस्त्यावर घाईने अॅक्सिलरेटर सोडला तर मात्र मागचा भाग सुटू शकतो. आईवडील मागे असताना मी ते करणार नाही.

बसवणाऱ्याला बजावून सांगा, लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर लटकत्या चाकांनी आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतात. स्प्रिंगा थोड्या बसल्या की व्हील अलाइनमेंट करा. टायर खातो तो मुख्यतः बिघडलेला टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं), कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरकेपणा) नंतर. हेडलाइटचा झोतही परत लावून घ्या. जुन्या गाडीत मागच्या अॅक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल तर तोही नव्या उंचीला जुळवायला सांगा, नाहीतर गाडीत वजन भरलंय असं समजून तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो.