प्रतिसाद: जॉनची थिअरी सिरीयलच्या आधीची हाय
वर कुणीतरी लिहिलंय की 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या जॉन स्नोच्या खऱ्या आईबापाची थिअरी (जॉन हा नेड स्टार्कचा अनौरस पोरगा नाही, नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार यांचा हाय) लोकांनी सिरीयल बघून मग पुस्तकात शोधली. उलटं आहे भावा. पहिलं पुस्तक १९९६ चं, १९९७ ला नेटवर लोक यावरनं भांडत होते, सिरीयलनं उत्तर दिलं ते २०१६ ला. लियानानं मरताना नेडकडनं घेतलेलं वचन, तिच्या खोलीतला रक्ताचा नि गुलाबाचा वास, हे सगळ्यांनी लिहिलंयच, पण एक जागा राहिली बघा. पहिल्याच पुस्तकात राणी सर्सीसमोर उभारून नेड मनात म्हणतो की परक्या पोराचा जीव एकीकडं नि माझी पोरं एकीकडं आली तर मी काय करीन, आणि नावं घेतो रॉब, सान्सा, आर्या, ब्रॅन, रिकन. बास. जॉन येतो त्याच्या पुढच्या वाक्यात, वेगळा.

रंकाळ्यावर आमच्या पोरांना हे पान मोबाईलवर दाखवलं (२०११ नंतर पुढचं पुस्तकच नाही म्हटल्यावर जुनीच पानं चाळायची की) तर एक गडी म्हणतो, अनौरस पोराला कोण धरतंय मोजणीत. अरे पण बायकोचा राग झेलून ज्याला घरात वाढवलं त्याला हा माणूस मनातल्या मनात कशाला वगळेल?