ज्यूररला ‘पंच’ म्हणावे का?

प्रश्न : नानावटी खटल्यावरच्या (नौदल अधिकारी नानावटींवर पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप होता) एका मजकुरात ‘नऊ पंचांनी ८ विरुद्ध १ मतांनी निकाल दिला’ असे वाक्य आहे. फौजदारी खटल्यातल्या ज्यूररसाठी, म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की नाही हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकासाठी, ‘पंच’ चालेल का? आणि ज्यूरीचे व्हर्डिक्ट म्हणजे निकालच ना?

प्रतिसाद १ : ‘पंच’ अजिबात नको. आपल्या फौजदारी कोर्टात पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा माणूस. झडती किंवा जप्तीच्या वेळी पोलिस परिसरातले दोन तरी प्रतिष्ठित रहिवासी बोलावतात, त्यांच्यासमोर पंचनामा होतो आणि पुढे खटल्यात सरकारी वकील त्यांना साक्षीला उभे करतात. त्यांची उलटतपासणी होते, ते फितूरही होतात. ज्यूरर साक्ष देत नाही, ऐकून तोलतो. खुनाच्या खटल्यात पंचनामे असतातच, म्हणजे एकाच लेखात ‘पंच’ एकदा साक्षीदार आणि एकदा निर्णय देणारा होईल आणि वाचक गोंधळेल. समूहाला ‘ज्यूरी’, एकट्याला ‘ज्यूरर’ किंवा ‘ज्यूरीचा सभासद’ लिहावे. ‘एक ज्यूरी म्हणाला’ हे चूक. ‘न्यायपंच’ समजतो, पण पहिल्या उल्लेखात सोबत ज्यूरी हा शब्द हवा.

प्रतिसाद २ : व्हर्डिक्टला ‘कौल’ म्हणावे. ‘निकाल’ कोर्टाचा असतो, आणि या खटल्यात हा फरक फार महत्त्वाचा आहे. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कामाची वाटणी स्पष्ट होती : घडले काय हे ज्यूरीने ठरवायचे, कायदा काय म्हणतो ते न्यायाधीशांनी सांगायचे. सेशन्स कोर्टाचे न्यायाधीश कौलाशी असहमत असतील आणि न्यायासाठी तसे करणे आवश्यक आहे असे त्यांचे स्पष्ट मत असेल, तर कलम ३०७ खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवता येई. नानावटी प्रकरणात नेमके हेच झाले. कौल ‘दोषी नाही’ असा आला, न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तो न स्वीकारता प्रकरण वर पाठवले, मार्च १९६०मध्ये हायकोर्टाने नानावटींना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. मजकुरात ‘ज्यूरीने निकाल दिला’ लिहिले, तर निकाल लागल्यावर हायकोर्टात पुन्हा काय चालले होते, हे वाचकाला कळणारच नाही.

टिळकांच्या १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यातही पायऱ्या अशाच सुट्या दिसतात. आधी ज्यूरीचा ७ विरुद्ध २ असा कौल, मग टिळकांचे निवेदन, त्यानंतर न्यायमूर्ती दावर यांनी ठोठावलेली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. तो खटला हायकोर्टातच चालला. तिथे नऊपैकी किमान सहा जणांचे एकमत आणि त्याला न्यायाधीशांची संमती, एवढे पुरेसे होते.

प्रतिसाद ३ : त्याच मजकुरात ‘चार्ज टू द ज्यूरी’ आले असेल तर तेही तपासा. याचे ‘ज्यूरीवर आरोप’ असे भाषांतर झाले तर अर्थाचा अनर्थ होतो. साक्षीपुरावा आणि वकिलांची भाषणे संपल्यावर न्यायाधीश पुराव्याचा गोषवारा देऊन लागू कायदा ज्यूरीला सांगत, तो हा चार्ज. ‘ज्यूरीला समजावणी’ हे मला सर्वांत सरळ वाटते. समजावणी चुकली की कौलाचा पायाच डळमळतो. झटापटीत गोळी सुटली हा नानावटींचा बचाव होता. अपघाताचा अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, हे ज्यूरीला नीट सांगितले गेले नाही, हा समजावणीतला एक मोठा दोष ठरला. १८९७च्या टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कायद्यातल्या ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा ‘अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव’ असा अर्थ ज्यूरीला सांगितला होता. एका शब्दाच्या अशा सैल अर्थाने जवळजवळ कुठलीही कडक टीका राजद्रोहात बसवता आली असती!

प्रतिसाद ४ : जुन्या कागदांत ‘असेसर’ दिसला तर त्याला ज्यूरर समजू नये. असेसर न्यायाधीशांबरोबर खटला ऐकून फक्त मत देई, न्यायाधीशांवर ते बंधनकारक नसे. ही पद्धत १९५५च्या दुरुस्तीने गेली. ज्यूरीची तरतूद १९७३च्या संहितेत उरली नाही.

प्रतिसाद ५ : परदेशातल्या मराठी लोकांच्या बोलण्यात ‘ज्यूरी ड्युटी’च (ज्यूरीवर बसण्याचे नागरिकाचे कर्तव्य) रुळली आहे, ती बदलायची गरज नाही. ‘हंग ज्यूरी’ मात्र उलगडून लिहावे : ‘ज्यूरीचे आवश्यक तेवढे एकमत झाले नाही’. ‘आवश्यक तेवढे’ हे शब्द गाळू नका. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरवायला सगळ्यांचे एकमत लागते; २०२०पासून ते सर्व राज्यांना बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये बारा जणांची ज्यूरी किमान दोन तास विचारविनिमय करूनही एकमतावर आली नाही, तर न्यायाधीश १० विरुद्ध २ असा कौल स्वीकारू शकतात.

आणखी एक. ‘नॉट गिल्टी’ला ‘निर्दोष असल्याचा कौल’ लिहू नये, ‘दोषी नाही’ असेच लिहावे. आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला का, एवढाच प्रश्न ज्यूरीपुढे असतो. आपल्या कोर्टांच्या बातम्यांतले ‘निर्दोष मुक्तता’ रूढ आहे, पण ते कोर्टाच्या आदेशाला, ज्यूरीच्या कौलाला नव्हे.