आर-२२ गॅस हवेत सोडणाऱ्याला दंड हवा की नको?

हर्णैची सून: दुकानातल्या जुन्या एसीचा गॅस गेला. खाऱ्या वाऱ्यानं कॉईल सडते, हे आपल्या किनाऱ्यावर नेहमीचंच. मेकॅनिकनं उरलेला गॅस उघड्यावर सोडला आणि गळती न शोधता नवा भरला. तो आर-२२ होता. त्यातला क्लोरीन वर जाऊन ओझोन खातो, म्हणूनच १९८७ च्या माँट्रियल करारानुसार आपल्यालाही तो २०३० पर्यंत जवळजवळ बंद करायचाय. पण नुसतं उत्पादन घटवून काय होणार? जुन्या यंत्रांतला गॅस असाच उडत राहिला तर? सोडणाऱ्याला दंड हवाच.

पाना-पक्कड, दापोली: ताई, मी हेच काम करतो. गॅस काढून घ्यायचं मशीन मी कुठून आणू? पावसाळ्यात हाताला काम नसतं. कॉईल बदला म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावतं. म्हणजे पैसे वाचणार त्याचे आणि दंड भरणार मी! त्या यंत्रात नव्या एसीतला आर-३२ गॅसही चालत नाही, एसीच नवा घ्यावा लागतो. शिवाय ओझोनला भोक पाडलं श्रीमंत देशांनी.

गुहागरकर: पाडलं त्यांनीच. करारानंही ते मानलंय: आपल्याला मुदत जास्त दिली, आपल्यासारख्या देशांच्या मदतीला १९९० मध्ये निधी ठरवला. २०३० नंतरही दुरुस्तीपुरता थोडा गॅस २०४० पर्यंत मिळणार आहे. आणि हा करार फळतोय. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर २०६६ च्या सुमारास १९८० साली होता तितका होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आता ढिलाई कशाला?

बर्फवाला, मिरकरवाडा: आमचा बर्फ अमोनियावर होतो. ओझोनला त्याचा काहीच त्रास नाही. पण तो विषारी, गळला तर माणसं पळवावी लागतात. घरातल्या एसीत तो चालणार नाही. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवतोच, शिवाय थोडा पेट घेणारा. दंडाआधी मेकॅनिकला शिकवा.

हर्णैची सून: शिकवा, मान्य. मग दंड मेकॅनिकला नको, गळती दुरुस्त न करता गॅस भरून घेणाऱ्या मालकाला करा. त्यात मीही आले. त्या दिवशी मीच म्हणाले होते, "लवकर आटपा."

पाना-पक्कड, दापोली: असं असेल तर मी तुमच्या बाजूनं. मशीन आम्ही चौघं-पाचजण मिळून घेऊ. पण काढलेला गॅस नेऊन द्यायचा कुठं, ते आधी ठरवा. माझ्या घरात सिलिंडर साठवायला जागा नाही.