मदत हवी आहे: सोयाबीनची पानं सातला तोडायला घेतली, संपली अकराला. हा डेटा वाचेल का?

माळवी_शेंग:
नमस्कार मंडळी. इंदूरला एम.एस्सी. करतेय, प्लँट ब्रीडिंग. घरात मराठी, शेतात माळवी, थिसिस इंग्रजीत. लिहिताना खिचडी झाली तर सांभाळून घ्या.

सोयाबीनच्या २४ लाइन (निवडीसाठीचे वाण), तीन रेप्लिकेशन (प्रत्येक लाइन शेतात तीनदा, म्हणजे तीन रेप), तुलनेसाठी चेक म्हणून जेएस ३३५ हे वाण. ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली, काळ्या जमिनीला भेगा पडल्या, तेव्हा पानं तोडून थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकली. प्रोलिन (ताणात पानात साठणारं अमिनो आम्ल) आणि साखर मोजून ताण सोसणाऱ्या लाइन निवडता येतील का, हा विषय. इथल्याच खंडवा रोडवरच्या सोयाबीन संस्थेच्या एनआरसी १२७ मध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन इन्हिबिटर (प्रथिनं नीट पचू न देणारा घटक) नाही. तो गुण ओळखायला एका जनुकाचा डीएनए मार्कर (खूण) पुरतो. पाण्याचा ताण सोसणं मात्र एका जनुकाचं काम नाही, म्हणून म्हटलं पानात काय साठतंय तेच बघू.

आता घोळ. प्लॉट रँडम होते, पण नळ्यांवर लेबलं ओळीनं लावलेली, म्हणून मी शेतभर हिंडत लाइन १ ते २४ अशाच क्रमानं तोडत गेले. रोज एक रेप. सातला लाइन १, अकराला लाइन २४. (मजूर मावशी विचारत होत्या, "भाजी बनाओगी क्या?") प्रोलिन मोजायला निनहायड्रिन घालून उकळल्यावर टोल्युइनचा वरचा थर लाइन ३ ला फिकट गुलाबी, २२ ला लालभडक. रंग जितका गडद तितकं प्रोलिन जास्त, आणि ५२० नॅनोमीटरचं प्रकाश-शोषणाचं रीडिंग जिन्यासारखं चढत गेलंय. हा लाइनचा गुण की उन्हाचा? गाइडना सांगायची अजून हिंमत नाही. त्यात तिसऱ्या दिवशी नळ्यांचा रॅक उलटा धरला आणि २४ पासून सुरुवात झाली, तो वेगळाच गोंधळ.

ग्वाल्हेरचा_गहू:
ताई, ज्याला गोंधळ म्हणताय त्यानंच तुम्हाला वाचवलंय! तिन्ही दिवस एकाच क्रमानं तोडलं असतं तर लाइन आणि वेळ वेगळी काढायला काही मार्गच नव्हता. आता लाइन २२ दोनदा उशिरा आणि एकदा लवकर आलीय. तोडणीची वेळ कोव्हेरिएट (ज्याचा परिणाम वेगळा काढायचा तो घटक) म्हणून मॉडेलमध्ये घाला. तिसऱ्या रेपमध्येही २२ लालभडकच असेल तर गुण लाइनचा.

साखरेवर मात्र फार भरवसा ठेवू नका. ऊन चढतं तशी पानात सुक्रोज आणि स्टार्च साठत जातात, आणि ती वाढ सरळ रेषेत होईलच असं नाही.

दुसरं, जास्त प्रोलिन म्हणजे चिवट लाइन, असं लिहून मोकळ्या होऊ नका. होरपळलेल्या झाडातही प्रोलिन वाढतं, आणि खोल मुळांनी पाणी ओढणाऱ्या झाडात ते कमीच राहतं. प्लॉटचं उत्पन्न समोर ठेवा. उत्पन्नाचा अंदाज देईल तोच मार्कर, नाहीतर ते नुसतं रीडिंग. २०१२ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये मक्यावर काम आलं होतं: २८५ इनब्रेड (स्वपरागणानं शुद्ध केलेल्या) लाइन, पानातले १३० मेटाबोलाइट (पेशीत बनणारे छोटे पदार्थ). त्यावरून संकरित मक्याच्या वाढीचा अंदाज बांधला, तो डीएनए मार्करच्या अंदाजाच्या बराच जवळ गेला. पण तिथे १३० पदार्थ एकत्र धरले होते, तुमच्याकडे दोन आहेत. गाइडना आजच सांगा, व्हायवात सापडण्यापेक्षा बरं.

पुढच्या खरिपात दोघं-तिघं मिळून तोडा, प्लॉटच्या क्रमानं, तास-दीड तासात. पानांची उरलेली पूड उणे ८० अंशांतच राहू द्या, वितळू देऊ नका.

माळवी_शेंग:
दादा, जीव भांड्यात पडला. एकच अडचण: प्रत्येक नळीची वेळ वहीत टिपली होती, पण रेप २ चं पान भिजून शाई पसरलीय. सुरुवात-शेवट धरून मधल्या वेळा अंदाजानं भरू का?

ग्वाल्हेरचा_गहू:
अंदाजानं नको. प्लॉटचे फोटो काढले होते का?

माळवी_शेंग:
अरे हो! तोडायच्या आधी प्रत्येक टॅगचा काढलाय, फोनमध्ये वेळेसकट आहेत. बसते आज रात्री.