घरच्या घरी सुरी बनवायची आहे, सुरुवात कुठून करू? (मदत हवी आहे)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे, एक सुरी स्वतःच्या हाताने बनवायची. चार इंचांचं पातं, लाकडी मूठ, नक्षीबिक्षी काही नको. धार मात्र टिकली पाहिजे.

जागा म्हणजे गॅलरी, आणि शेजाऱ्यांची भिंत लागूनच. त्यामुळे ऐरण आणि हातोडा बाद. पट्टी कापून, कानशीने घासून आकार देता येतो असं वाचलंय, तेच करणार आहे. हॅकसॉ, दोन कानशी, हँड ड्रिल आणि छोटा व्हाइस एवढं घरात आहे. व्हिडिओ पाहावेत तर प्रत्येकाकडे बेल्ट ग्राइंडर, आणि पातं तासाभरात तयार!

अडलंय ते असं. पोलाद कुठलं घ्यावं? भंगारातली जुनी कानस किंवा गाडीच्या लीफ स्प्रिंगचा पाटा चालेल का? धारेचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा कसा आणायचा? आणि पाणी द्यायचं काम (म्हणजे पातं लाल तापवून एकदम बुडवून कडक करणं) भट्टीशिवाय जमतं का? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:

भंगाराच्या वाटेला पहिल्याच सुरीला जाऊ नका. लीफ स्प्रिंग बहुधा चांगल्या पोलादाची असते, पण नेमकी कुठल्या ते कळायला मार्ग नाही, आणि वर्षानुवर्षं भार सोसून आत बारीक भेगा पडलेल्या असू शकतात. त्या दिसतात पाणी दिल्यावर, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर. जुन्या कानशींपैकी काही फक्त वरवर कडक केलेल्या असतात. शिवाय कानशीला कानस लागत नाही, आधी तापवून मऊ करावी लागते.

सरळ १०८४ या ग्रेडच्या पोलादाची ३ मिमी जाडीची नवी पट्टी घ्या, मऊ केलेली. यात कार्बन साधारण ०.८ टक्के असतो, त्यामुळे योग्य तापमानाला पोचलं की फार वेळ धरून ठेवावं लागत नाही. स्टेनलेसला १००० अंशांच्या वर नेऊन तिथेच काही वेळ स्थिर ठेवावं लागतं. ते गॅसच्या टॉर्चचं काम नाही.

आता उतार. सगळी गंमत इथेच आहे. धारेच्या कडेला मार्करने काळं करा. पट्टीच्या जाडीइतकंच ड्रिलचं बिट घ्या, म्हणजे ३ मिमीचं. पट्टी आणि बिट दोन्ही काचेवर आडवी ठेवून बिटच्या टोकाने कडेवर रेघ ओढा, मग पट्टी उलटी करून पुन्हा ओढा. टोक बरोबर निम्म्या उंचीवर असतं, त्यामुळे मधली रेघ आपोआप मिळते. बिट किंचित कमीजास्त असेल तर दोन जवळजवळच्या रेघा येतील, मध्य त्यांच्यामध्ये.

आधी कड ४५ अंशांच्या आसपास उभट घासून रेघेजवळ आणा. नंतर कानस हळूहळू कलती करत उतार पाठीकडे वाढवत न्या. थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला. एक बाजू पूर्ण करून दुसरी घेतलीत तर पातं हमखास वाकडं होतं. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना उचला. दात भरू नयेत म्हणून खडू चोळा, अधूनमधून वायर ब्रश मारा. धार आत्ता काढायची नाही, कड अर्धा मिमी तरी जाड ठेवा. फार पातळ कड पाणी देताना वाकते किंवा तडकते. मुठीची भोकंही आधीच पाडून घ्या, नंतर ड्रिल चालणार नाही.

तापवायला भट्टीची हलकी वीट कोरून त्यात गॅसचा टॉर्च सोडला तरी एवढ्या पात्याला पुरतं. मंद उजेडात बसा, म्हणजे रंग कळतो. ७७० अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटेनासं होतं. तिथून आणखी एक छटा उजळ, म्हणजे साधारण ८१५, की सरळ तेलात. पाण्यात बुडवाल तर तडकण्याची भीती फार. साधं खाद्यतेल ५० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. भांडं धातूचं, झाकण हाताशी. पातं टोकाकडून आत घाला आणि पाठ-धार या दिशेने हलवा, आडवं हलवलंत तर वाकेल.

निवल्यावर कानस नुसती घसरली तर पातं कडक झालं समजा. आता ते काचेसारखं ठिसूळ आहे, हातातून पडलं तर तुटेल. म्हणून लगेच तेल पुसून ओव्हनमध्ये, २०० अंश, दोन-दोन तास दोनदा. यालाच टेम्परिंग म्हणतात. ओव्हनच्या खटक्यावरचा आकडा खरा धरू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

प्रतिसाद:

वरचं सगळं पटलं, पण गॅलरीत टॉर्च आणि गरम तेल? माझं मत, नको. बुडवताना तेल पेट घेतं. मोकळी जागा मिळत नसेल तर घासलेलं पातं हीट ट्रीटमेंट (पाणी देणं आणि टेम्परिंग) करणाऱ्याकडे द्या, सोबत पोलादाचा ग्रेड लिहून. त्यात कमीपणा कसला?

आणि ग्राइंडर आत्ता घेऊच नका. चूक करायची झाली तर कानस सावकाश करते, ग्राइंडर क्षणात. पाणी दिलेलं पातं ग्राइंडरवर निळं पडलं की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. पुढेमागे घेतलात तर फिरत्या चाकाजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते हात ओढून घेतात.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. ड्रिल बिटची युक्ती फारच आवडली. पाणी बाहेरूनच देऊन घेईन. तिथून पातं किंचित वाकून आलं तर टाकून द्यायचं का? आणि मूठ नुसत्या इपॉक्सीवर (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) टिकेल?

प्रतिसाद:

टाकू नका. देतानाच त्यांना सांगा की वाकलं तर टेम्परिंग करताना क्लॅम्प लावून सरळ करा. थंड पातं व्हाइसमध्ये धरून वाकवायला जाल तर मोडेल.

मुठीला इपॉक्सीबरोबर पितळी पिना हव्यातच, दोन पुरेत. चिकटवायच्या बाजू खरबरीत पेपरने घासून ॲसिटोनने पुसा. क्लॅम्प करकचून आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर येतं. मुठीच्या पात्याकडच्या टोकाची घासाई आणि पॉलिश मूठ चिकटवण्याआधीच उरका, नंतर तिथे कानस नेली की पात्यावर चरे पडतात. लाकूड घासताना मास्क लावा, आणि मूठ तयार होईपर्यंत धारेवर जाड टेप गुंडाळून ठेवा.