पोटात गेल्यावर चिकातले ग्रोथ फॅक्टर टिकतात का?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)
आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गाय व्याली की चीक शेजारीपाजारी वाटतात आणि घरोघरी खरवस होतो. आता चिकाची पावडर डब्यात येते आणि तिच्यातले ग्रोथ फॅक्टर अल्सर भरून काढतात, असे मजुरांना सांगितले जाते. माझ्या मते हा पैसा पाण्यात जातो. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायचा इशारा देणारी प्रथिनेच आहेत आणि प्रथिने पचवणे हेच पोटाचे काम आहे. माणसाच्या शरीरातला ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) घ्या. ही ५३ अमिनो आम्लांची साखळी असून जठरातल्या आम्लात पेप्सिन हे प्रथिने तोडणारे पाचकद्रव्य तिचे टोक छाटते, आणि उरलेल्या ४९ च्या साखळीची ताकद बरीच कमी असते. पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन हे तसेच द्रव्य आहेच.

गोठ्यातून
भाऊ, आपण रिकाम्या पोटाचा हिशेब मांडला आहे. चिकासोबत केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन जाते आणि पाचकरस त्याच्या मागे लागल्यामुळे ग्रोथ फॅक्टरला सवड मिळते. माणसाच्या आतड्यातल्या उपाशीपोटीच्या रसात ईजीएफ तुटतो, पण त्यात केसीन मिसळले तर तो टिकतो, हे प्रयोगांत दिसले आहे. चिकात ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्येही असतात. शिवाय चिकातला टीजीएफ-बीटा हा दुसरा ग्रोथ फॅक्टर बराचसा निष्क्रिय रूपात असतो आणि आम्लामुळे तो मोकळा होऊन कामाला लागू शकतो. तेव्हा आम्लाने सगळे नष्टच होते, हे म्हणणे एकांगी आहे.

कापूसवाला
मग उपाय सोपा आहे. ओमेप्राझोलसारख्या गोळीने आम्ल कमी केले की ईजीएफ अखंड राहतो. ज्याला जळजळ होते त्याने ती रोज घ्यावी.

आरोग्यसेविका, मेळघाट
दादा, या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. अन्नपाण्यातून येणारे जंतू जठरातले आम्लच मारते, आणि वर्षानुवर्षे ते दाबून ठेवले तर बी-१२ ची कमतरता होऊ शकते. कमी दिवसांच्या बाळांना आम्ल कमी करणारी औषधे दिली तेव्हा त्यांच्यात आतडे सडण्याच्या गंभीर आजाराचे प्रमाण जास्त आढळले आहे. म्हणजे आम्ल कमी झाले की संरक्षण वाढते, असा सरळ हिशेब नाही. अल्सरमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर जंतू किंवा अंगदुखीसाठी मनाने घेतलेल्या गोळ्या असतात, आणि त्यांचा बंदोबस्त डॉक्टरकडेच होतो.

पैनगंगाकाठ भाऊ, आपल्यालाही एक सांगायचे आहे. ‘पोटात गेले की सगळे पचते’ हे वाक्य बाळंतिणीच्या घरी फार महागात पडते. आजही काही घरांत आईचे पहिले पिवळसर दूध पिळून टाकतात आणि बाळाला गूळपाणी किंवा मध चाटवतात. नवजात बाळाच्या जठरात पेप्सिन कमी असते आणि दुधामुळे आम्लही सौम्य होते, त्यामुळे त्या दुधातला ईजीएफ आतड्यापर्यंत बऱ्याच अंशी पोहोचतो. ज्या बाळाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्या तोंडचे दूध आपण काढून घेतो.

पैनगंगाकाठ
ताई, बाळाच्या दुधाबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि माझा आक्षेप मोठ्या माणसांच्या डब्यापुरताच आहे. गोठ्यातून भाऊंचा केसीनचा मुद्दा खरा धरला तरी प्रश्न उरतो. ईजीएफ पेशीवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसतो, ते आतड्याच्या अस्तरातल्या पेशींच्या मुख्यतः रक्ताकडच्या बाजूला असतात, पोकळीकडच्या नव्हे. अस्तर धड असेल तर पोकळीतला ईजीएफ तिथे फारसा पोहोचत नाही. जिथे अस्तर फाटले तिथेच त्याला वाट मिळते. मग निरोगी माणसाला हा डबा कशासाठी विकायचा? आणि ज्याला जखम आहे त्याच्या लाळेतून ईजीएफ फुकट मिळतच असतो. उंदरांच्या लाळग्रंथी काढल्या तर त्यांचे जठरातले व्रण उशिरा भरतात. आमच्याकडे माणसे गालात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) धरून दिवसभर ती लाळ थुंकतात आणि संध्याकाळी चिकाच्या पावडरीचा भाव विचारतात.

गोठ्यातून
खर्रा सुटला पाहिजे, यात दुमत नाही. मात्र आपण म्हणता तशी वाट फाटलेल्या अस्तरातून मिळत असेल, तर व्रण असलेल्या माणसाने जेवणासोबत चीक घेणे निरर्थक ठरत नाही. उपचाराच्या जोडीला, घरच्या गायीचा आणि वासराचे पोट भरल्यावर उरलेला, इतकेच माझे म्हणणे आहे.